गोणपाट म्हणायचं नाही

मंगळवार, संध्याकाळ. मोहने.

घोडबंदरच्या दुकानातून आले, हात दोनदा धुतले, तरी तागाचा वास जात नाही.

दुकानाच्या मॅडमचा पहिल्या दिवसापासून एकच नियम. ज्यूट म्हणायचं, गोणपाट म्हणायचं नाही. गिऱ्हाइकाला सांगायचं बाकी सगळं मला पाठ आहे. पिशवी वजन पेलते, हवा खेळती राहते म्हणून कांदे-बटाटे सडत नाहीत, जुनी झाली की मातीत मिसळते. यात खोटं काहीच नाही. मग रोज बोलताना खोटं बोलल्यासारखं का वाटतं?

आज एका बाईंनी ज्यूटची सतरंजी उलगडून विचारलं, "थंडीत खाली अंथरायला चालेल?" मी बोलून गेले, "चालेल ना, माझे पप्पा लहानपणी गोणपाटावरच झोपायचे." लगेच जीभ चावली. पण बाईंनी तीन घेतल्या. मॅडम एवढ्या खूश! "अगं, हे रोज सांगत जा. उद्या तुझा व्हिडिओच काढू." मी हो म्हटलं. का म्हटलं? नाही म्हणून जाणार कुठे?

पप्पांनी नोकरी लागल्यावर पहिली गादी घेतली. त्यानंतर घरात गोणपाटाचं पायपुसणंसुद्धा येऊ दिलं नाही. मी दुकानातून आणलेली पिशवी त्यांनी उचलून दाराबाहेर ठेवली होती. त्यांना व्हिडिओचं कसं सांगू?

आत्ता पप्पांना चहा दिला तेव्हा सांगणारच होते. कप घेताना त्यांनीच विचारलं,

"हाताला कसला वास येतोय गं?"

"ज्यूटचा," मी म्हटलं. घरातसुद्धा.