अकरावी पुस्तिका

अमरावती, ६ जानेवारी २०२४

ती. केशवमामांस,
शि. सा. न.

मोबाइलवर तुम्ही ‘ठीक’ यापलीकडे काही लिहीत नाही, म्हणून पत्र. आई बरी आहे. तुम्ही पाठवलेल्या तुरीच्या डाळीचं कौतुक सगळ्या गल्लीला ऐकवून झालं.

माझा प्रबंध संपत आला. मुक्त बाजाराचा विचार वऱ्हाडात कसा पोचला, हा विषय. तेल्हाऱ्याला मास्तर असताना तुम्ही दहा पुस्तिकांतून ‘सरकारने शेतकऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हावं’ असं सांगितलंत, म्हणून एक प्रकरण तुमच्यावरच आहे. पण त्या छापणाऱ्या मुंबईच्या प्रतिष्ठानाची जुनी कागदपत्रं पाहिली, तर पैसा एका बियाणे कंपनीचा निघाला. परदेशातही या विचाराच्या संस्थांना उद्योगपतींनी हात दिला, हे वाचलं होतं. आपल्याच घरात तेच निघेल असं वाटलं नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं का? महिनाअखेर प्रबंध द्यायचा आहे. माझ्या हातून तुमचं नाव खराब होईल, याची भीती वाटते.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो राहू द्यावा.

तुमची,
दामिनी


अकोला, ११ जानेवारी

चि. दामिनीस,
अ. उ. आ.

ठाऊक होतं. मास्तराच्या पगारात एवढं छापून होत नाही, हे तुझ्या गाईडलाही कळेल. देणगी कोणाची यावरून देव ठरत नाही. तेव्हा कापूस सरकारलाच घालावा लागे. दुसरीकडे नेणाऱ्याची गाडी नाक्यावर अडवत. ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि लिहिलं. एक शब्दही कोणी सांगितला नाही. तू खुशाल कंपनीचं नाव घाल.

तुझी मामी म्हणते, की पोरीले अर्धंच काहून सांगून राहिले. तिचं मनावर घेऊ नकोस. जेवणाकडे लक्ष दे, प्रबंधापायी काडी झाली असशील.

माया आहे, ती पत्राने वाढव.

केशवमामा


अमरावती, १७ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न.

मामी अर्धं का म्हणाल्या, ते कळलं! प्रतिष्ठानाच्या फाइलमध्ये अकरावी पुस्तिका सापडली, तुमच्या अक्षरात. सरकारसारखीच कंपनीही शेतकऱ्याला बांधते, घरचं बियाणं सोडू नका, असं तुम्ही तेव्हाच लिहून ठेवलंत. वर लाल शाईत कारकुनाचा शेरा: ‘छापू नये.’ वाचून रडूच आलं. तुम्ही विकले गेला नव्हता, तुमचं तोंड बंद केलं होतं! मी तसंच लिहिलंय, की कंपनीने केशवरावांचा आवाज दाबला. आता मला निवांत झोप लागेल.

ओढ अशीच असावी.

दामिनी


अकोला, २१ जानेवारी

चि. दामिनीस,
अ. उ. आ.

ते वाक्य काढ.

अकरावी पाठवली तेव्हा प्रतिष्ठानाचे संचालक तेल्हाऱ्याला आले होते. मामीच्या हातचं पिठलं-भाकरी जेवले. ती पुस्तिका वाचली, चांगली झाली म्हणाले, छापू म्हणाले. मनापासून म्हणाले, बाई. पण ते गेल्यावर मला वाटलं, ही छापली तर बारावी छापतील का? माणसं आता मला नावाने ओळखत होती, सभेला बोलावत होती. ते सुटलं तर मी पुन्हा नुसता मास्तर. आठ दिवसांनी मी स्वतः गाडीत बसून मुंबईला गेलो आणि छापू नका म्हणून सांगून आलो. शेरा कारकुनाचा, निर्णय माझा. बारावी मग लिहिलीच नाही. लिहायला बसलो की लाज वाटायची.

तू मला वाचवायला निघालीस, म्हणून हे लिहितो. मामीने इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, पण तुझं हे पत्र वाचल्यापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

सरकार सक्ती करतं, बाजार नुसता विचारतो, असं मी पाचव्या पुस्तिकेत लिहिलं होतं. मला तर कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. तेवढं माझ्या नावानिशी घाल, आणि तारीख चुकवू नकोस.

यानंतरही माया उरली, तर पत्र टाक.

केशवमामा