कटिंग मास्टरचा सत्कार

२२ सप्टेंबर
जेवणाच्या सुट्टीत शिलाई मशीनवरची कावेरी वर ऑफिसात आली. बस म्हटलं तरी उभीच. "अक्का, मास्टर मापं माझ्या अंगावर घेतात." मला आधी कळलंच नाही. नमुन्याचा ब्लाउज तिला घालायला लावतो, मग टाचण्या लावायच्या निमित्तानं हात. मापांचा पुतळा कोपऱ्यात धूळ खात उभा! राजण्णा मास्टर म्हणजे अप्पांच्या वेळचा माणूस. निम्मे शिलाईवाले त्याच्या गावचे. बघते म्हटलं तिला. काय बघणार, डोंबल.

२४ सप्टेंबर
अप्पांना सांगितलं. कारखाना माझ्या हाती दिला तरी सल्ला त्यांचाच लागतो. "चारचौघांत बोलू नको ग. आयुधपूजेला शाल घाल, पेटा बांध. मान दिला की माणूस जपून वागतो." आमच्यात हीच रीत. पिऊन येणारा इस्त्रीवाला असाच सुधारला, म्हणे. लेखी ताकीद या घरानं आजवर कुणाला दिलेली नाही. पटलं मला. खरं म्हणजे सोपं वाटलं.

१ ऑक्टोबर, आयुधपूजा
मशिनींना झेंडू, कुंकू. दारात कोहळा फोडला. मास्टरला म्हैसूर पेटा, शाल, फळं. भाषण मीच केलं, कन्नडमधून. हा कारखाना यांच्या हातांवर उभा आहे, असा सज्जन माणूस... 'सज्जन' कुठून आलं तोंडात, देव जाणे. सगळ्यांनी मोबाइलवर घेतलं. कावेरीनं प्रसादाच्या कडलेपुरीची, चुरमुऱ्यांची पुडी काखेत धरून टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

८ ऑक्टोबर
जपून कसला! आज तिला म्हणाला, "अक्का माझ्याबद्दल काय बोलल्या, ऐकलंस ना?" आणि पुन्हा तेच. जिन्यात रडत होती. माझं डोकं फिरलं. तशीच खाली उतरले आणि सगळ्यांसमोर, "मास्टर, टेप ठेवा. उद्यापासून येऊ नका." त्यानं कात्री पुसली, ठेवली, नमस्कार केला, गेला. छाती मोकळी झाली. चिकपेटच्या बाजारातल्या त्या गर्दीतून घरापर्यंत चालत आले.

९ ऑक्टोबर
शिलाईवाले आले नाहीत. देवनहळ्ळीच्या हॉटेलचे गणवेश कापून पडलेत. कावेरी एकटी आली. दोघी बसून काज करत राहिलो.

२९ ऑक्टोबर
लेबर ऑफिस. मास्टरनं तक्रार केली आहे. जाताना रिक्षात वकील मॅडमनी मला फैलावर घेतलं. नोटीस? नाही. चौकशी? नाही. बायकांच्या तक्रारींसाठी समिती? दहा माणसं झाली की लागतेच म्हणे. नाही. "मग आहे काय तुमच्याकडे?"
होतं ते मास्टरकडे. त्यानं मोबाइल टेबलावर ठेवला आणि माझाच आवाज खोलीभर. असा सज्जन माणूस. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "एका आठवड्यात काय झालं, मॅडम?" मी कावेरीचं नाव घेणार होते. शेजारी तिच्याच गल्लीतले दोन शिलाईवाले बसलेले. गिळलं.

३ नोव्हेंबर
मास्टर परत कामावर. वकील मॅडम म्हणतात, आधी रुजू करून घ्या, मग समिती नेमून रीतसर चौकशी. बरोबरच असणार. पण समितीवर वरच्या पदावरची बाई हवी. आमच्याकडे ती म्हणजे गंगम्मा, फिनिशिंग बघते. मास्टरची सख्खी मेहुणी! बाहेरची बाई आणता येते म्हणे. आणू. पण साक्ष? एकेकीला वर बोलावून विचारलं. "आम्हाला काही माहीत नाही, अक्का." मुलखाच्या बडबड्या बायका, आज बोलायचं विसरल्या.
शिलाईवाले सगळे हजर. हॉटेलचं काम धडाक्यात सुरू. कावेरी आली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
कावेरीच्या घरी गेले. नवऱ्यानं कॉफी दिली, नीट बोलला. समितीकडे लेखी तक्रार द्यावी लागेल म्हटलं, नावं कुणाला कळणार नाहीत. "मास्टरला?" म्हणाला. त्याला प्रत द्यावीच लागते. खोटं कसं सांगू? तो हसला. ती आत भांडी लावत होती. आवाज थांबला होता, तेवढं कळलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
कावेरीचा फोन. "अक्का, तक्रार नको, समिती नको. सोमवारपासून येते. माझं मशीन तेवढं दाराजवळ लावा. पाठ भिंतीला येईल असं."
सरी, बरं म्हटलं. फोन ठेवला आणि रडायलाच आलं. कायदा तिच्या बाजूनं, मी तिच्या बाजूनं, आणि तिनं मागितली काय तर भिंत. वकील मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, तिनं दिल्याशिवाय तक्रार नाही. पण मशीन हलवलंत तर तुम्हाला सगळं ठाऊक होतं असा अर्थ निघेल. ठाऊक होतंच ना मला!

१६ नोव्हेंबर, रविवार
कारखाना उघडून बसले होते. मशीन हलवायला बोलावलेला मेकॅनिक आला. विचारतो, कुठलं मशीन, कुठं लावायचं? दोघांचंही टेबल दाखवलं, कावेरीचं आणि मास्टरचं. कुणाचं हलवायचं ते मलाच सांगता येईना. स्वल्प थांब म्हटलं. तो पायरीवर बसून बिडी ओढतोय.