तानीला कोण हाक मारणार

वडगाव, बेळगाव
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. परशराम,

आशीर्वाद लिहू का नको, ह्या विचारात पेनाचं टोपण दोनदा काढलं नि लावलं. शेवटी लिहितोच. थोरला म्हणून न्हवं, सवय म्हणून. तुझी मंडळी बरी असतील. पोरगी शाळेला जात असंल आता. इथं मी हाय तसाच हाय.

तू निपाणीला गेल्याला नऊ वर्षं झाली. आईच्या कार्याला आलतास तवा पाणीबी न पिता गेलास. ते असू दे. आधी झूची बातमी ऐक.

आमचं प्राणिसंग्रहालय लई मोठं व्हायला लागलंय रं. मागची सगळी टेकडी आत घेतलीया. बंगळूरचे साहेब नकाशा घेऊन आलते. टेबलावर मावंना म्हणून फरशीवर पसरला आणि उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर आमचीच पायताणं ठेवली. वाघाला सफारी, फुलपाखरांची बाग, जनावरांचा दवाखाना, लोकांना फिरायला बॅटरीची गाडी. पाच वर्षांचं काम हाय. आजवर पिंजऱ्याचे गज वाढतानाच बघितलं, कमी होताना पहिल्यांदा बघतोय. मला लई बरं वाटलं.

त्यातलं अस्वलांचं आधी झालंय, त्यांना दोन एकर मिळालंय. झाडं, वारुळं, पाण्याचं डबकं, सगळं. आठ डिसेंबरला हलवायचं ठरलंय.

माझी तानी तुला ठाऊक न्हाय, तू गेल्यावर आली ती. दरवेशाकडनं सोडवून आणलेली म्हातारी अस्वलीण, दोन्ही डोळे गेल्याली. दिवसभर बाहेर असती, सांजच्याला मागच्या खोलीत घ्यावं लागतं. आमच्यात हरेक जनावराला त्याच्या माणसाची हाक ठरल्याली असती. मी खोलीच्या दारात उभा राहून 'ये गं तानाबाई, ये माझे आये' म्हणतो. तशी ती तो आवाज धरून सरळ आत येती आणि नाचण्याची लापशी खाती. तिला दिसत न्हाय, ऐकून चालती.

आता नव्या जागेत नवी वाट शिकवायची तर पंधरा दिवस तरी रोज हाक मारायला पायजे. आणि तिथंच घोडं पेंड खातंय.

माझ्याबरोबर रूपाली म्हणून कीपर हाय. तिनं मराठीत, कानडीत, हिंदीत हाका मारून मारून घसा बसवून घेतला. तानी जागची हालंना. मग माझी हाक मोबाइलात भरून लावली. तानी आली, मोबाइल हुंगला आणि एका फटक्यात फोडला. रूपालीचा मोबाइल! बाई आठ दिवस माझ्याशी बोलली न्हाय.

डॉक्टर म्हणतात, जी हाकेला आत येत न्हाय तिला बाहेर सोडता येणार न्हाय. म्हंजे दोन एकर बाकीच्यांना, आणि माझी तानी मरेपर्यंत मागच्या खोलीत. दरवेशाच्या साखळीतनं सुटून काय मिळवलं मग तिनं?

तू म्हणशील, तूच का मारत न्हाईस हाक?

व्हय बाबा, तेच सांगायचं टाळत एवढं पान भरलं. माझ्या गळ्यात गाठ हाय. तंबाखू, दुसरं काय. चोवीस तारखेला ऑपरेशन. आवाजाची पेटीच काढणार हाईत. जगशील म्हणालेत, पण बोलता येणार न्हाय.

परशा, माझा आवाज जगात आणखी एकाच माणसाकडं हाय. आईसुद्धा फसायची. तू दाराआडनं 'आये' म्हणालास की 'भरमा, आलास व्हय?' म्हणायची.

त्याच आवाजानं मी तुझं वाटोळं केलंय. तेरा वर्षांमागं तू निपाणीच्या शाळेत शिपायाच्या जागेला अर्ज केलतास. घरात एकच मोबाइल. तू मागावर बसलतास, फोन मी उचलला. 'परशराम काय? सोमवारी हजर व्हा,' म्हणाले. मी तुझ्या आवाजात म्हणालो, 'मला जमणार न्हाय, दुसऱ्याला घ्या.' त्याच महिन्यात मला झूमध्ये घेतलतं. तू गेलास तर आईजवळ कोण, माग कोण चालवणार? मला जनावरांत जायचं होतं, म्हणून बोललो. तुला मात्र सांगितलं, तुझं नाव लागलं न्हाय.

आणि वर चार वर्षांनी भांडणात 'तुला कोण नोकरी देतंय' म्हणालो तोबी मीच. त्या शब्दावर तू घर सोडलंस. मला समदं ठाऊक असून मी तसं म्हणालो, ह्याची मला लाज वाटती. रोज वाटती.

अजून थोडा आवाज हाय, फोन करता आला असता. पण फोनवर एकदा तुझ्या नावानं खोटं बोललोय. खरं सांगताना तरी लिहून सांगावं म्हटलं.

माफी मागायला मला तोंड न्हाय. पण तानीनं तुझं काय घेतल्यालं न्हाय. आठ डिसेंबरपासनं पंधरा दिवस ये. रूपालीच्या शेजारी उभा राहून हाक मार. तीबी तुझ्याबरोबर मारंल. तुझ्या आवाजामागनं तिचा आवाज तानीच्या कानाला बसला की तू मोकळा. वडगावच्या घरात पाय ठेवायचं मन नसलं तर झूच्या क्वार्टरात सोय करतो.

दवाखान्यातनं तवर मी सुटलेला असंन. पायजे तेवढ्या शिव्या दे, मला उलटं बोलता येणार न्हाय. पण आधी तिला हाक मार. मी मागं उभा राहून ऐकतो.

आवाज हाय तवर आणि नसल्यावरबी तुझाच,
भरमाअण्णा