सुनेचं तिकीट

आबा, आपल्या घरात तिकीट आलं होतं. गाडीचं नव्हे, निवडणुकीचं. माझ्या सुनेला महापालिकेला उभं करायचं म्हणून चार माणसं दारात आली आणि चपला बाहेर काढून आत बसली. चपला काढल्या तिथेच मला शंका आली. मत मागायला येणारे चपलांसकट उंबऱ्याबाहेर उभे राहतात, हात जोडतात आणि पुढच्या दाराला जातात. चपला काढून पंख्याखाली बसतात ते काहीतरी न्यायला आलेले असतात. तुम्ही असतात तर मिशीतल्या मिशीत हसला असतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून नातीच्या जुन्या वहीतली कोरी पानं घेऊन बसले. चौथीपर्यंतचं शिक्षण माझं, वेलांट्या कुठेही जातील, सांभाळून घ्या.

आधी इकडची हवा सांगते. आम्ही आता डोंबिवलीत आहोत, दुसरा मजला, लिफ्ट आहे पण तिचाही भरवसा नाही. तुमच्या वेळी लाल बावटा आणि दुसरा बावटा, कोण कुठला ते लांबून कळायचं. आता एका पक्षाचे दोन झालेत, दोघंही म्हणतात खरे आम्हीच, आणि सकाळी इकडे हार घालून घेणारा दुपारी तिकडे पेढा खाताना दिसतो. संक्रांतीला दोन्ही गटांनी हळदीकुंकू केलं. मी दोन्हीकडे गेले. एकीकडे वाणात स्टीलचा डबा, दुसरीकडे मसाल्याचा डबा, आणि दोन्हींवर नेत्याचा फोटो चिकटवलेला. गरम पाण्यात ठेवला की सुटतो. नात म्हणाली, "आजी, तू नक्की कुठल्या गटाची?" मी म्हटलं, "डब्यांच्या." काय हसली आबा! ही माझी नात, म्हणजे तुमची पणती, ठाण्याला वकिली शिकते. तुमच्यासारखंच रुंद कपाळ, आणि वाद घालताना तुमच्यासारखीच भुवई वर जाते. तिच्याकडे बघितलं की मला भरून येतं, मग मी उगीच तिला ओरडते.

आणि जगाचं विचाराल तर तुमच्या रशियाचे तुकडे झाले. तुम्ही गॅलरीत खुर्ची टाकून पेपर घेऊन बसायचात, मला मथळे वाचायला लावायचात आणि प्रत्येक मथळ्यानंतर एकच विचारायचात, "हे छापून कोणाचं भलं होतंय?" मी म्हणायचे, "आबा, पाऊस पडला एवढंच लिहिलंय." तुम्ही म्हणायचात, "मग छत्रीवाल्याचं." आता टीव्हीवर नकाशे दाखवतात. इकडून तिकडे लाल बाण, चीन काय करणार, अमेरिका काय करणार, कोणाची युद्धं, कोणाचे कर, आणि सहा जण एकदम भांडतात. मला त्यातलं निम्मं कळत नाही, पण एवढं कळतं की तिकडे कोणी साहेब सही करतो आणि इकडे माझ्या मुलाचं जेवण कमी होतं. त्याचं ऑफिस घोडबंदर रोडला आहे, काम सगळं अमेरिकेचं. तिकडचे नियम बदलले तसे त्याच्या हाताखालची माणसं एकेक करून घरी पाठवली. तो रात्रीचा डबा उघडून नुसता बघत बसतो आणि म्हणतो, "आई, आमचंही काही खरं नाही." म्हणून तिकिटाची माणसं आली तेव्हा सगळ्यांत जास्त तोच खूश झाला.

आता आमच्याकडेच का आली, तर वॉर्ड सोडतीत बायकांसाठी निघाला. इथल्या दादा माणसाला सगळे भाऊ म्हणतात, त्याची जागा गेली. त्याची बायको पलीकडच्या वॉर्डात उभी, वहिनी त्याच्या पलीकडे. घरातल्या बायका संपल्या म्हणून आमच्या दारात आला. सून बारा वर्षं बचतगट चालवते, चार गल्ल्यांत तिला ओळखत नाही असं घर नाही. पाण्याच्या टँकरपुढे बायकांची रांग तीच लावते आणि कोणी मध्ये घुसलं तर तिच्या नुसत्या बघण्याने मागे जातं. भाऊ म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त हो म्हणा. बाकी सगळं आमच्यावर सोडा." सून लाजली. लग्नानंतर एवढी लाजलेली मी तिला पहिल्यांदाच बघितली. माझ्या डोक्यात मात्र शेवटचे शब्द अडकले. बाकी सगळं म्हणजे काय काय?

आबा, तो नळाचा कागद आठवतो ना? मी तेव्हा दहा वर्षांची असेन. कल्याणच्या आपल्या चाळीत नळ नव्हता, आई दोन गल्ल्या पलीकडून हंडे आणायची. शहाडकडच्या तुमच्या कारखान्यात तेव्हा युनियन फुटत होती. एक जण कागद घेऊन आला, म्हणाला, चाळीला नळ हवा म्हणून अर्ज आहे, करा सह्या. तुम्ही नाव लिहायला नुकतेच शिकला होतात, त्यामुळे हौसेने सही केलीत, खाली रेघसुद्धा ओढलीत. आणि सोमवारी फाटकावर कळलं की तो अर्ज नव्हताच. जुनी युनियन सोडून नव्या युनियनमध्ये आल्याचा कागद होता. त्या दिवशी तुमच्या खात्यातल्या माणसांनी तुमच्याकडे पाठ फिरवली. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात लावला नाही, नुसत्या पाठी. जेवायला बसलात तर बाकावरून उठून गेले. तुम्ही घरी येऊन आईला एवढंच म्हणालात, "आज डबा एकट्याने खाल्ला." नळ तर त्यानंतर सहा वर्षांनी आला.

तेव्हापासून तुमचा नियम सुरू झाला. कुठलाही कागद आला की आणणाऱ्याला पाणी द्यायचं, कागद ठेवून घ्यायचा आणि उद्या या म्हणायचं. मग तो कागद दोन माणसांकडून वाचून घ्यायचा, आणि ती दोघं एकमेकांशी न बोलणारी हवीत. चाळीत अशी माणसं शोधायला लांब जावं लागायचं नाही. कोपऱ्यातले मास्तर आणि समोरचे टपालवाले, दोघांचं कपडे वाळत घालायच्या दोरीवरून वाजलेलं. सकाळी मास्तर वाचणार, संध्याकाळी टपालवाले, आणि दोघांनी तेच सांगितलं तरच तुमची सही. माझ्या लग्नाची यादीसुद्धा तुम्ही दोघांकडून वाचून घेतलीत, सासरची माणसं ताटकळत बसली होती. मी रडून म्हटलं होतं, "आबा, तुम्ही सगळ्यांवर संशय घेता!" तुम्ही म्हणालात, "सगळ्यांवर नाही. कागदावर."

तर भाऊची माणसं दुसऱ्या दिवशी कागदांचा गठ्ठा घेऊन आली. शपथपत्र, दाखले, फोटो चिकटवायच्या जागा, पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या. फुली दिसेल तिथे सही करायची, एवढंच काम. सुनेने पेनचं टोपण काढलं. मी म्हटलं, "पाणी प्या, कागद ठेवून जा, उद्या या." मुलगा चिडला. "आई, त्यांना घाई आहे. हा काय तुमच्या चाळीतला अर्ज आहे का?" मी म्हटलं, "तसाच असेल तर?" सुनेने पेनाला टोपण लावलं आणि पोळ्या करायला गेली, पोळपाट जरा जोरात ठेवला एवढंच.

न बोलणारी दोघं आमच्या बिल्डिंगमध्येही आहेत. तळमजल्यावरचे जुने हेडक्लार्क दुसऱ्या गटाचे, आणि आमच्या नातीशी तिच्या स्कूटीच्या जागेवरून दोन वर्षं बोलत नाहीत. सकाळी गठ्ठा त्यांच्याकडे नेला. त्यांनी चष्मा पुसून एकेक कागद वाचला, चहा घेतला, भाऊच्या गटाला नावं ठेवली, आणि शेवटून तिसऱ्या कागदावर थांबले. म्हणाले, "वहिनी, हा राजीनामा आहे. तुमची सून नगरसेवकपद स्वखुशीने सोडते असं लिहिलंय. तारखेची जागा मोकळी आहे." मी काही न सांगता तोच गठ्ठा संध्याकाळी नातीपुढे ठेवला. ती त्याच कागदावर थांबली. "आजी, आई अजून निवडून यायचीय आणि राजीनामा तयार? उद्या तिने भाऊंचं ऐकलं नाही तर ते फक्त तारीख टाकणार!" भुवई पार केसांपर्यंत गेली होती तिची.

त्या रात्री सून म्हणाली, "आई, सही करून टाकते मी. आधी निवडून तर येऊ. यांच्या नोकरीचं बघताय ना तुम्ही? आणि मला गटारीचं काम करून घ्यायचंय, पाण्याचं करायचंय. आत गेल्याशिवाय कसं करू?" तिचा आवाज असा होता की मी गप्प बसायला हवं होतं. पण मी तिला तुमची गोष्ट सांगितली, नळाची आणि फाटकाची. तिने ऐकून घेतली, बराच वेळ बटाट्यांना आलेले मोड काढत बसली आणि मग उठली.

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः आला. मी कागद पुढे सरकवला. तो हसून म्हणाला, "मावशी, ही नुसती पद्धत आहे हो. सगळेच देतात." मी म्हटलं, "मग तुम्हीही दिला असेल वरच्यांना?" त्याच्याबरोबरची माणसं छताकडे बघायला लागली. तेवढ्यात सून बाहेर आली, हात पदराला पुसत. म्हणाली, "भाऊ, मी करते सही. पण तारीख मी घालणार, पाच वर्षांनंतरची." आबा, तुम्ही ते ऐकायला हवं होतं. भाऊ हसला, तोंडभर हसला, सगळे कागद गोळा केले आणि म्हणाला, "ताई, विचार करून कळवतो." उठताना चहा अर्धा ठेवून गेला. संध्याकाळपर्यंत तिकीट मागच्या गल्लीतल्या ब्युटी पार्लरवालीला मिळालं होतं.

ती निवडून आली. आता तुम्ही म्हणाल, भाऊने तारीख टाकली असेल. नाही टाकली. अजून तरी नाही. तिने मागच्या गल्लीची गटार बांधून घेतली, आणि चांगली बांधली, मी पायाने आपटून बघितली. माझ्या मुलाला मात्र ऑफिसने महिन्याभरात घरी पाठवलं. तो आता दिवसभर लॅपटॉपपुढे बसून अर्ज करतो, सून बचतगटाच्या पापडांच्या ऑर्डरी वाढवते आहे. आणि तरी ती सगळ्या बायकांना सांगत फिरते, "आमच्या आईंनी मला वाचवलं." मागच्या आठवड्यात तर सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला मला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरीकडे बघितलं.

कारण तिला गोष्ट सांगताना मी पदरचं घातलं, आबा. फाटकावर लोक तुमच्या तोंडावर थुंकले असं सांगितलं. तुम्हाला चपलांचा हार घातला असं सांगितलं. तेव्हा कुठे तिचा हात थांबला. खरं सांगितलं असतं, की लोकांनी नुसत्या पाठी फिरवल्या, तर तिने सही केली असती, ती तेवढी घट्ट आहे. आणि मी हे तिच्या भल्यासाठी केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण भाऊची माणसं पहिल्यांदा आली ना, तेव्हा एकाने फोटो काढायला फोन वर धरला आणि मला म्हणाला, "आजी, जरा फ्रेमच्या बाहेर." माझ्याच घरात. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले आणि सून मधल्या खुर्चीत बसलेली बघितली. मग हेडक्लार्क त्या कागदावर थांबले तेव्हा मला धक्का बसायला हवा होता. मला आनंद झाला. आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतला, स्वतःवर घ्यायचं कधी सुचलं नाही. तुमचा अपमान एवढासा होता, तो मी मोठा करून वापरला.

हे तिला सांगितलेलं नाही. सांगेन असं वाटतही नाही. आत्ता ती मागून आली आणि म्हणाली, "आई, एवढं काय लिहिताय?" मी वहीवर हात ठेवून म्हटलं, "किराण्याची यादी." ती म्हणाली, "मग त्यात कपड्यांचा साबण लिहा." लिहिते. कपड्यांचा साबण.