शर्टांची बटणं

रविवार, दिवेलागण

आज कपाट रिकामं केलं. ह्यांना पोटावर न बसणारे पाच शर्ट निघाले. खाली वॉचमन शेषरावमामांना देऊन आले आणि जिना चढताना स्वतःवरच खूश होते.

तासाभरानं मामा दारात. हातात निळा शर्ट.

"ताई, कापड लई चांगलंय. पण बटन एकालाबी नाय."

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. जुना शर्ट फरशी पुसायला घ्यायचा तर आधी बटणं कापून ठेवायची, ही माहेरी लासूरला आईनं लावलेली सवय. कपाट आवरता आवरता हात आपोआप चालला असणार. पाचही शर्टांची बटणं माझ्या डबीत!

"थांबा, देते," एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "जुनेच आहेत मामा, बटणं तुटलीच होती."

पाचही शर्टांची? सगळी? मामांनी शर्टाकडं पाहिलं. कात्रीनं कापलेले दोरे सारखे उभे होते.

"व्हय, तुटत्यात," म्हणाले आणि गेले.

तेव्हापासून डबी समोर घेऊन बसलेय. आता बटणं द्यायची तर आधी खोटं बोलले हे सांगायला पाहिजे. मग दुकानातून नवी आणून देऊ? घरात डबीभर असताना? काय बाई आहे मी! आणि त्यांना कळलंच असेल. ते दोरे...

एवढ्यात ह्यांनी आतून विचारलं, "अगं, बाहीचं बटण तुटलंय. तुझ्या डबीत असेल ना एखादं?"

"नाही," म्हणाले आणि झाकण लावलं.