उशीचा अभ्रा बादलीत आहे

ताई,

तुझा फोन लागत नाही, म्हणून लिहून ठेवतोय. ठमीला सकाळपासून उभंच राहता येईना, म्हणून तिला पिशवीत घालून प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लावलंय. मी फक्त बाटली न्यायला घरी आलोय, डॉक्टरांना ती बघायची आहे.

बाटली माझ्या केसांच्या औषधाची आहे. चार महिने लावतोय. गोळ्या घे नाहीतर हे लाव, असं त्वचेचे डॉक्टर म्हणाले होते. गोळ्यांची भीती वाटली, म्हणून त्यातल्या त्यात निरुपद्रवी ते निवडलं. तुला बोललो नाही. ‘सव्विसाव्या वर्षीच बाबांवर गेलास’ म्हणून तू हसली असतीस आणि मग दिवसभर वाईट वाटून घेतलं असतंस.

मी औषध लावून झोपायचो आणि ठमी उशीवर बसून माझं डोकं चाटायची. मांजरांना ते विष असतं. आतल्या कागदावर लिहिलंय, मी आज वाचलं.

उशीचा अभ्रा बादलीत भिजवलाय, त्याला हात लावू नकोस, मी येऊन धुतो. तुझं जेवण झाकून ठेवलंय. दवाखान्याचा पत्ता मागे लिहिलाय.

‘घरात कोणी डोक्याला काही लावतं का,’ असं डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी टोपी काढून दाखवली. काही वाटलं नाही.

घरातसुद्धा टोपी कशाला, असं तू विचारायचीस ना. ती आता तिथेच आहे. टेबल गार होतं, म्हणून ठमीच्या अंगाखाली घातली.