खिळे सुलटेच ठोकायचे आहेत

येत्तीबुलोकहून सलामत वहिनीचे, परमुलखात जाऊन बसलेल्या सोबीर भाऊजींना आशीर्वाद. खोकला कसा आहे, गुडघे जिना चढू देतात का, तिकडे जर्दाळू मिळतात की दुकानात नुसते बघायचे असतात, हे आधी कळवा. इकडे सगळे खुशाल. मीही सलामत, निदान नावाने. पत्र नात मुनिसा लिहितेय, कारण अक्षरांचं आणि माझं कधी जमलं नाही (लहानपणी डोंगरावर बाईंनी शाळेत बोलावलं होतं, पण मेंढ्यांनी रजा दिली नाही).

तुमचं पत्र मुनिसाने दोनदा वाचून दाखवलं. परतण्यावरची बंदी उठली, बाकीचे परतले, पण तुम्ही येणार नाही. ‘चकमक’चा एक अंकही उरलेला नाही, ते वर्तमानपत्र आता कुणाला आठवतंय, मग यायचं कुणासाठी, असं तुम्ही लिहिलंत. बरं केलंत. मी आग्रह करणारी नव्हे. आठवलं तेवढं नुसतं सांगते.

दर गुरुवारी तुम्ही छापण्याआधी तपासून घ्यायची पानं घेऊन सरकारी होशिमोव साहेबांच्या कचेरीत जायचात आणि गोवर आल्यासारखी लाल झालेली पानं घेऊन परतायचात. ज्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या हाकिमांनी आपला कालवा त्यांच्या माशांच्या तळ्याकडे वळवला, तेव्हा तर एका शब्दावरच बंदी आली. (तो शब्द मी योग्य जागी घेईन, जुनी सवय आहे.) गावाचं नाव येत्तीबुलोक, म्हणजे सात झरे, आणि ती वस्तू यायची गाढवाच्या पाठीवरून, पीठ मळण्यापुरती, चहाला उरायची नाही. तुम्ही त्या शब्दाच्या जागी कोरं सोडायला लागलात. हे ओट्यावर बसून मला अंक वाचून दाखवायचे आणि कोऱ्या जागेपाशी, भातात खडा लागल्यासारखे, थांबायचे. मग शेजारीपाजारी तो शब्द भरायचे. अख्ख्या ‘चकमक’मध्ये मला स्वतःला वाचता येण्यासारखं तेवढंच होतं, ती कोरी जागा. पुढे साहेबांनी कोरं सोडण्यावरही बंदी घातली. गप्प बसणं हे मोठ्याने बोलणंच आहे, म्हणाले. माणूस मूर्ख नव्हता.

त्यावर तुम्ही माझ्या विकायच्या नानवर टोचून नक्षी उठवायचा नवा ठसा लोहाराकडून करवून आणलात, आणि त्यातले खिळे स्वतः ठोकलेत. नवं फूल आहे वहिनी, म्हणालात. मी पाहिलं, तर एक विळा, एक गलोल आणि एक दोन पोटांची बाई. असलं फूल कुठल्या झाडाला येतं, असं विचारल्यावर तुम्ही जे हसलात, त्यावरून ओळखलं, की माझ्या तंदुरात नुसता नान शिजणार नाहीये.

पण भाऊजी, जन्म गेला छापखान्यात उलटे खिळे जुळवण्यात, आणि माझ्या ठशातले खिळे तेवढे सुलटे ठोकलेत! ती तीन चित्रं म्हणजे त्या बंद शब्दाची आपल्या लिपीतली तीन अक्षरं, आणि नानवर शब्द उमटला उलटा. लोकांनी मान वाकडी करून पाहिली, खाली डोकं करून पाहिलं. शेवटी कुणाला तरी तुर्दी न्हाव्याचा मोठा आरसा आठवला. त्या दिवसापासून गावातली पुरुषमाणसं बगलेत गरम नान घेऊन न्हाव्याच्या दारात उभी. तुर्दी प्रत्येकाला विचारायचा, दाढी कुणाची करू, तुझी की नानची? माझे नान सकाळीच संपायचे. मला वाटायचं, हाताला चव आलीय. (अजूनही थोडं वाटतं.)

मग साहेब स्वतः आले. माझ्या तंदुरापाशी रांग होतीच. नान उचलून म्हणाले, हे काय लिहिलंय? मी म्हटलं, साहेब, मी निरक्षर, तुम्ही शिकलेले, तुम्हीच वाचा ना. आता वाचायचं म्हणजे तोंडाने उच्चारायचं, आणि तेवढ्यापुरता त्यांचा कायदा त्यांनाही लागू. पुरावा म्हणून नान घेऊन निघाले, तर मी वाट अडवली. दारात आलेल्याने नान न मोडता जायचं म्हणजे त्या घराला शिवी. इतक्या लोकांसमोर करतात काय, मोडला, बरोबर विळ्यावर, आणि रागाच्या भरात भलामोठा घास कोंबला. घास कोरडा, चहा नाही. अडकला. तोंड जांभळं, डोळे बाहेर, आणि साहेब ओरडले, “पाणी! पाणी!”

रांगेतला तुर्दी न्हावी छातीवर हात ठेवून अदबीने म्हणाला, “साहेब, तो शब्द बंद आहे.”

शेवटी पीठ मळायचा तांब्या मीच त्यांच्या तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशीचे सगळे नान त्या एका माणसाने पिऊन टाकले. ह्यांच्या डोळ्यांतून हसून हसून जे वाहिलं, तेवढंच त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणाला मिळालं. पंधरवड्याने हाकिमांनी लाजेकाजेस्तव कालवा सोडला, आणि तुमच्या छापखान्याला कुलूप लागलं. अंक जाळले. तुम्ही निघालात तेव्हा रीतीप्रमाणे नानचा एक घास तोडून गेलात. उरलेला, परत येऊन संपवायचा म्हणून, मी खुंटीला टांगला. हे गेले, तुर्दी गेला, नान आहे. विटेसारखा झालाय (दात कसे आहेत तेही कळवा). त्यावरचा शब्द मात्र जसाच्या तसा. तेव्हा एकही अंक उरला नाही असं जे लिहिलंत, ते दुरुस्त करून घ्या.

रोजच्या नानवर मी अजून तोच ठसा मारते. पोरं त्याला सोबीरचं फूल म्हणतात. वाचत कुणी नाही, पण लग्नाला तोच नान मागतात. असो. तब्येतीला जपा.

तुमची वहिनी,
सलामत

ता. क. बोलवत नाहीये. पण ठशातले गलोलीचे खिळे गळून पडलेत. नवा लोहार म्हणतो, अक्षर सुलटं उमटेल असं नीट करून देतो. मला नीट नकोय. ती चूक तुमच्यासारखी दुसऱ्या कुणाला जमायची नाही. येऊन एकदा करून जा.

(धाकटे आजोबा, परवापर्यंत खिळे घट्ट होते. आजीनेच पकडीने उपसले, मी पाहिलंय. डबीत जपून ठेवलेत. — मुनिसा)

आणखी ता. क. मी गप्प बसले असताना मुनिसा बराच वेळ लिहीत होती. विचारलं तर म्हणते, नमस्कार लिहिला. एवढा लांब नमस्कार कुणी करत नाही. तेव्हा तिने जे काही लिहिलं असेल ते खरं धरा, आणि तरी या.